चंद्रावरचं निळं आभाळ

आमच्या जैनथ गावचा मधू पुढं मोठा कलादिग्दर्शक झाला, पण त्याच्या पहिल्या चंद्राचं काय झालं ते तुमाला ठाऊक नसंल. मधू शाळेत ड्रॉइंग मास्तर होता अन् मुलांच्या मासिकात ग्रह-तारे काढायचा. ती चित्रं पाहून हैदराबादच्या एका निर्मात्यानं त्याला सिनेमासाठी चंद्र उभा करायला बोलावलं. गडी नोकरी सोडून गेला.

मधूनं करडी जमीन केली, मागं काळंभोर आभाळ रंगवलं. निर्माता म्हणाला, "दिन का सीन है, आसमान नीला करो."

"साब, चाँद पे हवा नहीं है. दिन में भी काला ही दिखता."

"हवा नहीं है तो हीरोइन की चुन्नी कैसे उडेगी?"

मोठाले पंखे आले, अन् मधूनं स्वतःच्या हातानं आभाळ निळं केलं. परत यायला नोकरी कुठं होती?

सिनेमा आदिलाबादला लागला, तवा मधू गावी आला होता; आमी त्याला अन् त्याच्या मायला घेऊन गेलो. चुन्नी उडाली, शिट्ट्या वाजल्या, अन् मधू मान खाली घालून बसला.

"काऊन रे, पाहून नाई राह्यला?" माय म्हणाली.

"सारं चुकलं माय. तिथलं आभाळ काळं असते."

"अन् त्या कोपऱ्यात गोल गोल काय दिसून राह्यलं?"

"ते आपली पृथ्वी."

"ते तं बराबर काढली न?"

"हो, ते बराबर हाय."

"मंग झालं तं! आपल्याले राह्याचं तिथंच हाय."