माझ्या बाजूचा ब्रेक

...अहो नाही, गाडीत नंतर बसायचं, आधी ऐकायचं! बाहेर पाटी वाचलीत ना, 'आधी कान, मग पाय', ती काय शोभेला लावलीय? बसा. मागच्यांनी खुर्च्या पुढे घ्या, या पंख्याच्या खडखडाटात माझं अर्धं बोलणं हरवतं आणि मग भर चौकात तुम्ही मला विचारता, मास्तर, क्लच कुठला! सव्वीस वर्षं शिकवतोय मी, सव्वीस वर्षं! सिग्नलला उभा राहिलो की चार गाड्यांतून चार हात वर होतात, ओळखलंत का मास्तर म्हणून... आणि त्या माणसानं मला, म्हणजे मला, तोंडावर सांगावं की मास्तर, तुमचा ब्रेक काढा?

कोण माणूस? सांगतो ना, मला दम तर घेऊ द्या. आधी ब्रेक समजून घ्या. आपल्या शाळेच्या गाडीत ब्रेकची पेडलं दोन. एक तुमच्या पायाखाली, एक शेजारच्या सीटवर माझ्या पायाखाली. दोन्ही एका तारेनं जोडलेली. मी माझं दाबलं की तुमचंही आपोआप खाली जातं. गाडीत बसलात की कळेलच, भूत शिरल्यासारखं वाटतं, पहिल्या दिवशी एक बाई दार उघडून उतरूनच गेल्या होत्या! तर त्या पेडलाच्या जिवावर माझी सव्वीस वर्षं निभावली.

आणि तो माणूस म्हणजे एक मेकॅनिक. शर्यतीच्या गाड्या तयार करतो. मी त्याचं नाव ठेवलंय 'काढा'. का, तर दिवसभरात तो एकच शब्द बोलतो, 'काढा'! आणि तो ऐकला की आपलं तोंडही काढा प्यायल्यासारखंच होतं. आता म्हणाल, मास्तर, तुमचं शर्यतीशी काय देणंघेणं? तेच तर माझं रडगाणं आहे!

माझी मुलगी. पंचविशीची आहे, वजनमापं तपासणाऱ्या ऑफिसात नोकरीला. भाजीवाल्याचा काटा, सोनाराचा काटा, सगळे हिच्यापुढे चळचळा कापतात. घरातही तेच! 'साधारण पाच मिनिटांत येतो' म्हणायची सोय नाही, लगेच 'साधारण म्हणजे किती, बाबा?' तर ही चार महिन्यांपूर्वी जेवता जेवता म्हणते, "बाबा, शेडमधली जुनी गाडी शर्यतीला लावायची. मी चालवणार." माझा घास हातातच राहिला. कारण तुम्हाला सांगतो, या मुलीनं सहा वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मास्तरची पोरगी, आणि ऑफिसला बसनं!

का, तर त्यासाठी मी दर बॅचला पहिल्या दिवशी देतो ते उदाहरण ऐकायला हवं. म्हणजे द्यायचो. उभा राहायचो इथंच, फळ्यापुढे, आणि म्हणायचो, "घाबरून ब्रेक मारला की काय होतं ते माझ्या घरात येऊन बघा. माझी स्वतःची पोरगी, एकोणीस वर्षांची. पाण्याच्या टाकीजवळचं वळण, गळका टँकर नुकताच गेलेला, रस्ता ओला. घाबरली. वळणात ब्रेक मारला. गाडी गरकन फिरली ती थेट भिंतीवर, आणि डाव्या मनगटात दोन स्क्रू!" एवढं बोलून मी थांबायचो. वर्ग चिडीचूप. फार परिणाम व्हायचा हो... फार.

तर तीच ही गाडी. ठोकून सरळ केली, रंग दिला, पण शिकवायला काढावीशी वाटेना, शेडमध्ये झाकून ठेवली होती. जुनी, छोटी, पुढच्या चाकांवर चालणारी. म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. का वळली नाही ते पुढे येईलच.

मग गाडी नेली काढाकडे. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडून बघितलं, हूं केलं, आणि सुरू! मागची सीट? काढा. गालिचा? काढा. जादा चाक? काढा. दारांची आतली अस्तरं, छपरावरची शाळेची पाटी, सगळं काढा! तळाला आवाज अडवायला डांबरासारखा थर असतो, तोसुद्धा ओणवं होऊन खरवडायला लावला मला, दोन रविवार, माझ्या कमरेचे टाके ढिले झाले! आणि पोरगी शेजारी काटा घेऊन, वही घेऊन. "सीट अकरा किलो दोनशे. गालिचा चार किलो साठ." मी म्हटलं, माझंही करून घे एकदा. तर काढा म्हणतो, "मास्तर, तुम्ही गाडीत नाहीच बसणार." एवढं लांब वाक्य बोलला मेला, तेही असलं!

मग बसवाबसवी. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, ड्रायव्हरची एकच सीट, पट्टे असे की माणूस बांधलेलं पार्सल. पुढची चाकं वरच्या बाजूनं जराशी आत कलवली. मागे एक जाडजूड आडवा दांडा, वळणात गाडी झुकू नये म्हणून. आणि मागच्या चाकांत हवा जास्त! मी म्हटलं, अरे बाबा, मागचं टणक केलंस तर मागचं घसरेल ना! सव्वीस वर्षं शिकवतोय मी! तर म्हणतो, "घसरायलाच पाहिजे. थोडंसं." का? "पुढची चाकं ओढतात, तीच वळवतात, थांबवायचं कामही बहुतेक तीच करतात. मागची नुसती मागून येतात. मग गाडी वळतच नाही, सरळ जाते. मागच्यांनाही वळायला लावायचं." मी घरी येऊन हे सगळं बायकोला समजावलं. ती भांडी लावत होती, म्हणाली, "आपल्या घरासारखंच की." मी तो विषय तिथंच सोडला.

आणि मग ते ब्रेकचं निघालं. माझ्या बाजूचं पेडल! सीट गेली, तरी पेडल आपलं तसंच उभं होतं बिचारं. काढा खाली वाकला आणि म्हणाला, "हेही काढा." आता मात्र माझा पारा चढला. म्हटलं, एक-दीड किलोसाठी? अरे, यानं किती जीव वाचवलेत माहितीय? शिकणारा चुकतोय वाटलं की मास्तरचा ब्रेक, हे धरून चालत आलोय मी, सव्वीस वर्षं! तर तो हात पुसत पुसत, अगदी थंडपणे, "हो? मग आता उलटं शिका."

म्हणतो, "वळणात मध्येच ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं. मागचं हलकं होतं. रस्ता ओला असेल तर विचारूच नका, मागचं सुटतं, गाडी गरकन फिरते. तेव्हा ब्रेक नाही. पाय उचलायचाही नाही. पुढची चाकं जिकडे जायचं तिकडे ठेवायची आणि हलकासा गॅस द्यायचा. पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. गाडी आपली आपण निघते, मास्तर, मध्ये कुणी पाय घातला नाही तर."

 पोरगी समोरच होती, वहीत मान घालून. त्यानं पेडल काढलं, तार काढली, तिनं काट्यावर ठेवलं. "एक किलो सहाशे चाळीस," म्हणाली, आणि लिहून घेतलं.

आता ऐका. तुम्ही मला फी... नाही, ते राहू द्या, तुम्ही इथं विश्वासानं आलात म्हणून सांगतो. त्या दिवशी टाकीच्या वळणावर ब्रेक तिनं मारला नव्हता. मी मारला होता. तिनं स्टिअरिंग बरोबर धरलं होतं, वेग चाळीसच्या आत. समोर माणूस नाही, कुत्रं नाही, काही नाही. मला फक्त वाटलं की हिला वळण निघणार नाही. एवढंच वाटलं, आणि पाय गेला.

मग दवाखान्याच्या व्हरांड्यात बायको धावत आली, "काय झालं हो?" आणि माझ्या तोंडून निघालं, "घाबरली गं ती, ब्रेक मारला." निघालं ते निघालं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना तेच, आठवड्यानं वर्गाला तेच, आणि पोरगी हाताला प्लास्टर घालून घरात, दार उघडं, हा वर्ग घराला लागूनच, तिला शब्दन् शब्द ऐकू यायचा. ती काही बोलली नाही. मी मनाला समजवायचो की गाडी तशीही घसरलीच असती, मी दाबला म्हणून तर थोडक्यात निभावलं, नाहीतर आणखी जोरात आदळलो असतो! सहा वर्षं त्या समजुतीवर काढली हो मी. आणि त्या काढानं दोन मिनिटांत तीही काढून घेतली. वाचवलं कसलं? गाडी फिरली तीच मुळी माझ्या ब्रेकनं.

त्या दिवसापासून जेवण जाईना. सांगायचं, सांगायचं म्हणतोय, आणि ती समोर आली की मी टायरबद्दल बोलतोय! तीन आठवडे! शेवटी बायको म्हणाली, "गाडीतलं सगळं काढून झालं ना? आता तेवढं तुमच्या पोटातलं काढा." तिला काय माहीत होतं, किती माहीत होतं, मी विचारलं नाही. माझी छाती नाही झाली.

शर्यतीचा दिवस. बंद पडलेल्या जुन्या धावपट्टीवर वळणं आखलेली, सगळे हौशी लोक. एक दातांचा डॉक्टर, एक प्लंबर, एका शाळेच्या मुख्याध्यापिका, जो तो आपापलं भंगार घासूनपुसून आलेला. चौदा गाड्या. पोरगी आत बसली, काढानं पट्टे आवळले, हेल्मेट चढलं, इंजिनं सुरू झाली, आणि तुम्हाला सांगतो, घरात तीन आठवडे दातखीळ बसलेला हा माणूस, नेमका तिथं, खिडकीच्या जाळीला तोंड लावून म्हणतो, "पोरी, त्या दिवशी ब्रेक मी मारला होता!"

"काय?"

"ब्रेक!"

"ब्रेक ठीक आहेत, बाबा!"

"अगं ते नाही! टाकीच्या वळणावर! तू नाही मारलास! मी मारला होता, मी!"

इतका ओरडलो की पलीकडच्या दातांच्या डॉक्टरनं स्वतःचं इंजिन बंद केलं. ऐकायला! मुख्याध्यापिकांनी मान बाहेर काढली. आणि माझ्या पोरीनं हेल्मेटची काच वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "मला माहितीय, बाबा. पेडल माझ्या पायाखालून खाली गेलं होतं. माझा पाय त्यावर नव्हताच."

अहो, ती तार! ती तार दर महिन्याला मी स्वतः ओढून बघतो! माझं दाबलं की तिचं खाली जातं, हे मी तुमच्यासारख्या हजारोंना सांगितलंय, आणि मला, मला एकदाही सुचलं नाही की तिला कळलं असणार? सहा वर्षं तिला माहीत होतं. सहा वर्षं ती भिंतीपलीकडे बसून माझं ते उदाहरण ऐकत होती. मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस गं?" तर म्हणते, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. आता बाजूला व्हा, सोडतायत."

सोडल्या. मला काही दिसेना, चष्म्यावर पाणी. काढानं स्वतःचा रुमाल दिला, सगळा ग्रीसचा, त्यानं चष्मा पुसला आणि आणखीनच दिसेना! पाचव्या फेरीला, मोठ्या वळणावर, कुणाच्या तरी गाडीनं तेल सांडलेलं. ही आली. आणि मागचं सुटलं. मी बघितलं, गाडीची शेपूट बाहेर निघाली, तशीच, अगदी तशीच, आणि मी कुंपणापाशी उभा, आणि माझा पाय हा असा जमिनीत रुतला, काढा म्हणतो, मास्तर, माझ्या बुटावरून पाय काढा! आणि तिकडे इंजिनाचा आवाज कमी झाला नाही. वाढला. पुढची चाकं वळणाकडे, गाडीनं एक झोल खाल्ला, आणि ओढली गेली सरळ. निघाली. काढली तिनं ती. माझ्याशिवाय.

नंतर उतरली ती हेल्मेट काढतच. मला म्हणाली, "बाबा, मला शर्यत जिंकायची नव्हती. त्या दिवशी मध्ये तुमचा पाय आला नसता तर ते वळण मला निघालं असतं का, तेवढंच बघायचं होतं." मी म्हटलं, निघालं असतं. निघालं असतं गं. तिथंच गवतावर बसून दोघं रडलो, आणि मुख्याध्यापिका पाण्याची बाटली घेऊन उभ्या. मग विचारलं तिला, आता मी काय करू? माफी कशी मागू? तर डोळे पुसून म्हणते, "उदाहरण बदला. मी मागे बसून ऐकणार."

म्हणून हे सगळं. ती बघा, शेवटच्या रांगेत, वही घेऊन बसलीय, तीच माझी मुलगी. तर लक्षात ठेवा, चौदा गाड्यांत शेवटून चौथी आलेली ही... काय गं? ...शेवटून दुसरी? ...हो, बरं, शेवटून दुसरी. बघा, सहा वर्षांचं खोटं सगळ्यांसमोर कबूल केलं, आणि धरला गेलो तो दोन नंबरांत!

चला, उठा आता, ज्याची पहिली पाळी त्यानं गाडीत बसा. तुमच्या शेजारी ही बसणार आहे. हिनं तशी अटच घातलीय, महिनाभर दर शनिवारी शेजारच्या सीटवर ही. मी? मी आहे ना तुमच्याबरोबर. मागे बसतोय. मागच्या सीटला ब्रेक नसतो हो.