मेलबर्न ते जबलपूर, तीन दिवस

— थांब गौरांग, पुन्हा सांग. मेलबर्नहून दिल्ली साडेबारा तास? मध्ये कुठं उतरायचं नाही, विमान बदलायचं नाही? अच्छा. अन् दिल्लीहून जबलपूर पावणेदोन तास — म्हणजे मधलं बसणं-उठणं धरूनही एका दिवसाचं काम. तू माझ्या देवदत्तचा दोस्त, त्याच्याच शहरात राहतो, स्वतः काल निघाला अन् आज माझ्यासमोर चहा पिऊन राहिला, मग खोटं कसं म्हणू? दहा हजार किलोमीटर असो की वीस, मला कुठं कळते. आमचं सारं माप नागपूरच्या बसचं — तिलवाऱ्याचा पूल ओलांडला की घर सुटलं. विमानात मी बसली नाही, हेही बसले नाहीत. छत्तीस वर्षं खमरियाची फॅक्टरी केली, बस. मग लेक सांगेल ते खरं. अन् देवदत्तनं सांगितलं, तीन दिवस.

कधी काय? हे गेले तेव्हा. सकाळी सहाला गेले, मी लगेच फोन लावला — ये रे, तोवर थांबवते यांना. बर्फाच्या लाद्या मागवल्या होत्या, माझा पुतण्या अक्षत घमापुरातून घेऊनही आला. तर हा म्हणतो, "आई, तीन दिवस लागतात इथून. थांबू नका." मे महिना, जबलपूरचं ऊन, तीन दिवस कोण ठेवू देईल? एक दिवस मी ठेवलं असतं. एक दिवस तर मी पंख्यानं वारा घालत बसली असती. दुपारी चारला अक्षतनं अग्नी दिला. जाऊबाई म्हणाल्या, एकुलता एक अन् आला नाही — तर मी त्यांच्याशी भांडली, म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक किती लांब आहे ते. दहाव्याला तरी ये म्हटलं तर सुट्टी नाही म्हणाला. तेही गिळलं.

पण दहाव्याला — हे मी कोणाला सांगितलं नाही — घाटावर पिंडाला कावळा शिवेना. दीड तास. समोर झाडावर बसून आहे, खाली उतरत नाही. सारे एकमेकांना विचारून राहिले, चिंतामणरावांचं मन कशात अडकलं? मला माहीत होतं कशात. मी पुढे गेली, हात जोडले अन् म्हटलं, "अहो, त्याचा दोष नाही. तीन दिवस लागतात तिथून. निघाला असता तरी अग्नीला पोचला नसता." अन् शिवला. लगेच शिवला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला रे. चाळीस वर्षांत त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती मी — अन् शेवटचं जे बोलली, ते माझ्या लेकाचं खोटं.

नको, त्याला फोन नको लावू. काहून लावतो? तो रडेल अन् मी विरघळून जाईन. तू गेल्यावर एवढंच सांग — माझ्या वेळी त्याला फोन यायचा नाही. अक्षतला मी आजच सांगून ठेवते, तेरावं झाल्यावर कळव म्हणून. मग लागू दे कितीही दिवस.

झाला न चहा? चल, नीघ आता.