सरळ रेघेतले तेरा तास

(फोनवर. वहिनी हॉस्पिटलात, नणंद वाटेतल्या परक्या विमानतळावर, मांडीवर तान्हं मूल.)

वहिनी — तेव्हाच म्हटलं होतं ताई, आईंना तास सांगू नका. नुसतं ‘येतेय’ म्हणा. तुम्ही हसण्यावारी नेलंत.

नणंद — मनचे नव्हते गं सांगितले. साइटवर दोन्ही विमानतळांची नावं घातली. अंतर आलं, त्याखाली लिहून आलं, प्रवासाला तेरा तास.

वहिनी — मग त्या तेरा तासांच्या विमानात का नाही बसलात?

नणंद — तसं विमानच नाहीये. कुणीतरी नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेला हिशोब तो. खरं तर दोनदा उतरायचं, बदलायचं. तिकीट काढताना कळलं.

वहिनी — आणि आम्हाला आज कळतंय.

नणंद — आई कशीबशी ऑपरेशनला तयार झाली होती. ‘लेकीला बघते आणि मगच आत जाते,’ म्हणाली. खरं सांगितलं असतं तर पुन्हा नाहीच म्हणाली असती.

वहिनी — आताही नाहीच म्हणतायत. स्ट्रेचर दोनदा दारातून परत गेलं. डॉक्टर मला बोलले, तुमच्या घरात ठरवतं कोण? तुमचे दादा तेवढ्यात पाणी आणायला गेले. अजून आणतायत.

नणंद — तू समजाव ना तिला.

वहिनी — मी? चार वर्षं त्यांचं सगळं मी काढते, पण आत जायला लेकीचं तोंड दिसायला हवं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगतात, माझी मुलगी वरती आहे, ढगांत अडकलीय.

नणंद — टोमणे नंतर मार. पुढचं विमान उद्या सकाळी आहे. बाळाचं अंग कोमट लागतंय, इथे कुणाला विचारू तेही कळत नाही. फोन तिच्या कानाला लाव. मीच सांगते, माझी वाट बघू नकोस.

वहिनी — दुपारी लावला होता ना. तुमच्या मागची घोषणा ऐकली आणि त्यांना वाटलं, उतरलात. माझ्याकडून केस विंचरून घेतले, उशी उभी करून दाराकडे तोंड करून बसल्या. संध्याकाळपर्यंत तशाच. येणाऱ्या प्रत्येक नर्सला तुमचं नाव घेऊन हाक मारली.

नणंद — आणि तू सांगितलं नाहीस?

वहिनी — तुमचं खोटं मी का निस्तरू?

नणंद — बरोबर आहे तुझं. आता तरी दे फोन.

वहिनी — राहू द्या. आता विचारायचं थांबल्यात. बऱ्याच वेळात दाराकडेही बघितलं नाही. शांत पडल्यात एकदाच्या.

नणंद — वहिनी, तू कुठून बोलतेयस?

वहिनी — जिन्यातून. त्यांच्यासमोर तुम्हाला हे सगळं बोलता आलं नसतं.

नणंद — मग तिच्याजवळ कोण आहे?

वहिनी — मी इथे, आणि तुमचे दादा अजून पाणीच आणतायत.

नणंद — मला बोल हवं तेवढं, मी ऐकेन. पण आधी आत जा. तिला हाक मारून बघ.