तेवढं कापून टाका

सडक अर्जुनीच्या बसस्टँडवर मी गोंदियाच्या गाडीची वाट पाहत होतो. बाजूच्या बाकावर कॅमेऱ्याची बॅग घेऊन एक माणूस बसला होता. एक तरुणी थेट त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

“हेमेंद्रभाऊ, चार महिने झाले आमच्या लग्नाले. फोन काऊन नाही उचलत?”

“कसं सांगू, अल्काताई? मेमरी कार्ड खराब झालं. फोटो वाचले, पण व्हिडिओ पूरा गेला. नागपूरले नेऊन दाखवला, काहीच निघालं नाही.”

“आमी लग्नाची प्रतिज्ञा घेतली, तो बी गेला?”

“तो बी. माफ करा, ताई.”

“सरका, बसू द्या मले. लय बरं झालं, भाऊ.”

“बरं झालं?”

“प्रतिज्ञा घेताना मी मधातच थांबली होती. नाही म्हणून टाकावं, असं वाटून राहिलं होतं. माह्या नवऱ्यानं, विवेकनं, ते पाहू नये, म्हणून तेवढं कापून टाका, हे सांगाले फोन करून राहिली होती. ते आलेच पाहा चहा घेऊन.”

“काय झालं, अल्का?”

“आपला व्हिडिओ गेला म्हणते हे.”

“मंग तू थांबली होती, ते बी गेलं.”

“तुमाले माहीत होतं?”

“बाजूलेच तं उभा होतो मी.”

“अन् चार महिने काही म्हटलं नाही?”

“काय म्हणू? पूरी बोलली ना तू प्रतिज्ञा मंग. घे, चहा थंडा होऊन राहिला.”