कोनती दुर्बीन?

— कोनती? नाई, मी विचारून राहिली ना, तर आधी त्याचं उत्तर द्या. कोनती दुर्बीन? तुमी आल्या आल्या काय म्हटलं — ‘दुकानात कोनी माणूस नाई का?’ हेच म्हटलं ना? मंग आयका. माणूस होता. मुनव्वर नाव त्याचं, नवरा माझा, बाहेर पाटीवर अजून तेच हाय, अन् तो सहा वर्षांपासून कबरस्तानात निजून हाय. त्याले विचारायचं असन तर खुशाल जा, रस्ता दाखवते. अन् बंदुकीचं विचारायचं असन तर मी हाय, रजियाबी, लायसन माझ्या नावावर, किल्ल्या माझ्या गळ्यात. अंजनगावापासून दर्यापूरपर्यंतचे कास्तकार रानडुकरासाठी बारा बोरची काडतुसं माझ्याच हातून नेतात, अन् त्याईच्या मिशा अजून जाग्यावर हायेत. बसा. नाई बसत तर उभे राहा. खिशात हात कायले घालता? पैशाचं मांगून पाहू, अजून काई घेतलंच नाई तुमी.

बावीसच्या रायफलीसाठी म्हनता. बावीस कायच्यासाठी? नाई, विचारावं लागते. मांगल्या महिन्यात धारणीकडून दोघं जीप घेऊन आले — बावीसवर दुर्बीन पायजे, अंधारातबी दिसन अशी. म्हटलं, अंधारात कोनतं टारगेट उभं राहते बाप्पा, चार पायाचं? हाकलून देल्लं. तुमाले हाकललं नाई, एवढंच समजा. — पोरगी खेळते? मंग असं सांगा ना तोंडानं. कितवीत हाय? अकरावीत. नाव? आकांक्षा. बरं हाय. अन् आले कुठून — अकोल्याहून? अकोल्याहून इतक्या दूर दुर्बिनीसाठी. हं. तिथं कोन शिकवते तिले? मॅडम हायेत. असतीन. असतीन मॅडम. नाव नाई विचारलं मी तुमाले, सांगू नका.

अन् बोट तिकडे कायले दाखवता? ते? सगळे तेच दाखवतात. काळी, जाडजूड, समोरचा काच बशीयेवढा — जो येते तो तिच्याकडंच पाहते, जसं काई लग्नाले पोरगी पाहून राहिला. ते मोठ्या रायफलीची हाय भाऊ. थांबा, या इकडे. डोळा लावा. रस्त्यापलीकडं मेडिकलची पाटी दिसते? त्यातल्या ‘मे’च्या मात्रेवर फुली धरा — ते आडवी-उभी तार दिसते ना, तेच फुली. हात नका लावू, ठेवली तशी राहू द्या. आता डोकं जरासं डावीकडं. जरासं! बैलासारखी मान नका हालवू. आता उजवीकडं. फुली कुठं गेली? सरकली ना? दुर्बीन हालली नाई, पाटी हालली नाई, अन् फुली सरकली. कावून? कावून की कारखान्यानं ते शंभर मीटरच्या हिशेबानं जमवून ठेवली, अन् तुमची पोट्टी मारनार पन्नासावर. तिथं टारगेटवरचा दहा गुनाचा गोल केवढा असते माहीत हाय? करंगळीच्या नखायेवढा. अन् तिचा गाल काई रोज रायफलीच्या कुंद्यावर एकाच जागी बसनार नाई. कधी इकडं, कधी तिकडं. मंग फुली मधात अन् गोळी भलतीकडं, अन् घरी येऊन तुमी पोरीले म्हनसान, एवढी महागाची दुर्बीन देल्ली तरी तुले नेम येत नाई. म्हनसानच. मायबाप असंच म्हनतात.

बावीसले ही पायजे. हे, हे बारकी. बाजूले चाक हाय पाहा — फिरवलं की जेवढं अंतर तेवढ्यावर जमते, दहा मीटरपासून पुढं. तार बारीक. जाड तार असली तर आख्खा दहाचा गोल तिच्याखालीच झाकून जाते, मंग मारता कायले, अंदाजानं? अन् किती पट मोठं दिसते याच्या मांगं नका लागू. सगळे तेच विचारतात — किती पट, किती पट. चोवीस पट केलं की नवीन पोरीले स्वतःच्या काळजाचे ठोकेबी फुलीत दिसतात, अन् ते भेते. बारा पुरे. धक्का तर बावीसले नसतेच, म्हून दुर्बीन डोळ्यावर आदळून भुवई फुटाची चिंता नाई. वजन हातात घेऊन पाहा. अन् बसवाची कडी — बावीसच्या खाचेले ही बसते, ते दुसरी नाई बसत, जबरदस्तीनं आवळली तर दहाव्या गोळीले ढिली. समजलं? समजलं नसन तरी मान डोलवता तुमी, दिसते मले.

तर सगळं बराबर सांगितलं का मी? बराबर सांगितलं. एकबी शब्द खोटा नाई. अन् आता आयका — पोरगी स्पर्धेत खेळते ना तुमची? मंग ही दुर्बीन तिच्या काईच कामाची नाई. काईच म्हंजे काईच. घरच्या हौसेले चालते, कोनत्या डब्यातली काडतुसं नळीले मानवतात हे तपासाले चालते. पन ज्या स्पर्धेत ते खेळन, तिथं रायफलवर दुर्बीन लावूच देत नाई. तिथं पीप लागते — मांगं बारीक भोकाची चकती, पुढं एक गोल, भोकातून गोल पाहाचा अन् मारायचं, बस. काच नाई, फुली नाई, काई नाई. — असं कावून पाहून राहिले? मंग आधीच कावून नाई सांगितलं, असं ना? कावून की तुमी बोट दाखवलं. तुमी सांगितलं नाई कोनती, अन् बोट दाखवलं. बोट दाखवनाऱ्याले मी सगळं सांगते, शेवटपर्यंत, म्हंजे त्याले समजते की मले माहीत नव्हतं असं नाई.

मले माहीत नव्हतं. — काय? काई नाई म्हटलं मी. — म्हटलं, बरं, म्हटलं. तवा नव्हतं माहीत. बारा बोर विचारा, काडतूस विचारा, घोडा अडकला तर डोळे मिटून उघडून देते, पन स्पर्धेचा कायदा मले कोन सांगनार होतं? मुनव्वरलेबी नसन माहीत. माझी अलीझा — पोरगी माझी — कालेजात एनसीसीतून बावीस माराले लागली अन् असं मारे की ते अकोल्याचे महादेवराव, फौजेतून रिटायर झालेले, हप्त्यातून दोन दिवस खास तिच्यासाठी इथं येत. त्याईनं तिले सांगितलं, आता स्वतःची दुर्बीन घे. पोरगी घरी आली, भाकर मोडता मोडता म्हने, अम्मी, सर म्हनतात दुर्बीन पायजे, किती दिवस दुसऱ्याच्या दुर्बिनीतून पाहू? आता तुमीच सांगा — रायफलवरच्या दुर्बिनीतून कोनी दुसऱ्याच्यातून पाहते का? ते म्हनत होती बाजूले तिपाईवर उभी करतात ते, गोळी कागदावर कुठं लागली ते पाहाची. तेबी दुर्बीनच. आपल्याकडं सगळ्याले दुर्बीनच म्हनतात ना — पाखरं पाहाची दुर्बीन, चंद्र पाहाची दुर्बीन, डाक्तर पोटात घालते तेबी दुर्बीन. एक शब्द विचारायचा होता मले. कोनती? बस. पन विचारलं म्हंजे माहीत नाई हे कबूल केलं. अन् मुनव्वर गेल्यापासून या काउंटरमांगं बसून मी कोनाले काई कबूल केलं नाई. एकदा जरी केलं असतं ना, तर दुसऱ्या दिवशी तुमच्यासारखा कोनी येऊन म्हटला असता, दुकानात माणूस बोलवा. तर पोरीसमोरबी नाई केलं. पोरगीच होती माझी, तिच्यासमोर काय झालं असतं? पन नाई केलं.

म्या काय केलं — ते परीक्षेच्या पेपरले गेली होती, तीन दिवस, अन् पुण्याले राज्याची स्पर्धा लगेच त्याच्यावर. घरची बावीस, मुनव्वरची, तेच ते वापरे. पीप काढलं, अन् ही — ही म्हंजे हिचीच जोड, तशीच — हे वर बसवली. जमवलीबी मीच, पन्नासावर, दहाच्या दहा गोळ्या चवन्नीयेवढ्या जागेत. म्हटलं, तिथं रायफलीचा डबा उघडन तवा पाहीन, मायनं काय देल्लं ते. कोनाले सांगितलं नाई. डब्याची किल्ली गळ्यात. गाडीत रातभर पायाखाली डबा ठेवून बसली मी, अन् ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

सकाळी टेबलावर डबा उघडला, तपासनीले. ते साहेब बिचारे भले होते, म्हने, ताई, हे काढून टाका अन् पीप लावा, पाळीले अजून वेळ हाय. पीप कुठं? पीप इथं अमरावतीले. ह्या गल्ल्यात, सुट्ट्या नाण्याच्या मधात. एका पोरीनं आपलं पीप काढून देल्लंबी, पन ते आमच्या खाचेवर बसे ना. पाळी निघून गेली. अलीझा रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाई. हळूच म्हने, ‘अम्मी, एक बार पूछ तो लेते.’ बस एवढंच. अन् मी काय म्हटलं? मी त्या सगळ्याईच्यासमोर, त्या पोरी, त्याईचे मायबाप, सगळ्याईच्यासमोर तिच्याच अंगावर वरडली — तुले नीट सांगता येत नाई का, दुर्बीन म्हटलं तर दुर्बीन लावली, माझी काय चूक? असं म्हटलं मी. आपल्या तोंडानं.

तीन वर्षं झाले. अकोल्याले राहते. ईदले येते, शीरखुर्मा खाते, भांडे घासते, संध्याकाळच्या बसनं चालली जाते. रायफलीचं नाव ते काढत नाई, मी काढत नाई. — तुमाले कायले सांगून राहिली मी हे? तुमी कोन लागता माझे? दुर्बीन पाहाले आले तर दुर्बीन पाहा! अन् पुन्हा खिशात हात! काय हाय त्या खिशात एवढं, बोलता बोलता चारदा घातला. चिठ्ठी? कोनाची चिठ्ठी? आनली होती तर आल्या आल्या नाई द्याची? — मी बोलूच देल्लं नाई. बरं. आना इकडे.

हे... हे तुमच्या पोरीनं नाई लिहिलं. अक्षरावरची रेघ पाहा. आधी आख्खी रेघ ओढली अन् मंग खाली अक्षरं टांगली, अन् रेघबी उजवीकडून डावीकडं — इथं जाड, इथं बारीक. उर्दू शाळेत पयले लिहाले शिकली ना माझी अलीझा, म्हून. मराठीच्या बाई लय मारत तिले याच्यासाठी. — मॅडम. मॅडम म्हनता तुमी तिले. हं.

‘रायफलवर बसणारी नको. बाजूला तिपाईवर उभी करायची, कागदावरची खूण दाखवणारी. आकांक्षाचे बाबा, दुकानात फक्त दुर्बीण म्हणा, बाकी काही सांगू नका. त्यांनी कोणती असं विचारलं तरच ही चिठ्ठी दाखवा आणि घ्या. नाही विचारलं तर रिकाम्या हातानं परत या.’

...

काय म्हटलं होतं मी? तुमी आत आले तवा, सगळ्यात आधी. तुमी म्हटलं माणूस नाई का, अन् मंग दुर्बीन म्हटलं, अन् मी काय म्हटलं? सांगा ना. — ‘कोनती’. हो ना, ‘कोनती’च म्हटलं मी.

सरका. सरका तिकडे, मले कपाट उघडू द्या. हा डबा घ्या, तिपाईवाली हाय. पुण्याहून आल्यावर महिन्याच्या आत आनली होती, उघडलीबी नाई, सील पाहा. तिनं मांगितली ते हेच. तिच्याकडं नेऊन द्या, तुमच्या पोरीनंबी त्याच्यातूनच पाहावं. नाई, किंमत नका विचारू, मले आता काई आठवत नाई. — अन् हे? हे गल्ल्यातलं? हे पीप. हे तुमच्या हातात नाई देनार मी. हात नका पुढं करू, म्हटलं ना नाई देनार. हे ज्याचं हाय त्यानं येऊन न्यावं, ईदले नाई, ईद सोडून कवाबी.

अकोल्याची बस अर्ध्या घंट्यात हाय, निघा आता. अन् डबा आपटू नका कुठं. सांगा तिले — विचारलं म्हना. पयला शब्द तोच होता म्हना. — काय पाहता? डोळ्यात काई नाई गेलं माझ्या. निघा म्हटलं ना. दुकान बंद हाय.