रिकाम्या पाकिटांचा अभ्यास

सेजल: पंच्याण्णव टक्के, काकी. प्रेशरची गोळी रोज न चुकता घेणारे पंच्याण्णव टक्के. परदेशात होत नाही ते आपल्या कोरगावात झालं.

सुलोचना: होतला तर. गाव कोणाचो?

सेजल: सोमवारच्या मुलाखतीत हाच पेपर पुढे ठेवणार. सात वर्षं फार्मसी कॉलेजात शिकवतेय, आता कुठे सहयोगी प्राध्यापक करतायत.

सुलोचना: हो गो बाय. आमीव कष्ट घेतलंव त्याच्यासाठी.

सेजल: तुम्ही कसले कष्ट घेतले?

सुलोचना: दर महिन्याच्या पयल्या आयतवारी तू रिकामी पाकिटां मोजूक येत होतंस ना? शनवारी सांजेक मी, देवकी, गंगा पडवेर बसान उरलेल्यो गोळ्यो भायर काढीत होतंव. सगळ्या वाड्याच्यो.

सेजल: काढून?

सुलोचना: फणसाच्या मुळात. पाकीट तेवढा तुझ्या हातात.

सेजल: वा. म्हणजे गावात प्रेशर ताब्यात असलेला एकच, फणस.

सुलोचना: हस तू. पयल्या महिन्यात शेजारच्या सगुणान सात गोळ्यो परत दिल्यान, तेवा तुझा तोंड केवढा उतरलेला. देवकी म्हणाली, सेजल आपला चेडू, एवढा शिकला, आमच्यापायी नापास नको.

सेजल: परीक्षा माझी नव्हती गं.

सुलोचना: वही तुझी, पेन तुझा, मार्क तू घालतंस. मगे कोणाची?

सेजल: छापण्याआधी पेपरच्या परीक्षकांनी विचारलं होतं, आकडा इतका चांगला कसा? मी दोन पानं उत्तर लिहिलं. कारण दिलं, 'कुटुंबाचा आधार'.

सुलोचना: तां खोटा खंय?

सेजल: नाही, तेवढं एकच खरं आहे. आणि प्रत्यक्ष प्रेशर मोजायचं मी पुढच्या अभ्यासासाठी राखून ठेवलं. केवढी हुशार मी.

सुलोचना: आता काय करतलंस?

सेजल: उद्या पत्र लिहून पेपर मागे घेणार.

सुलोचना: आणि सोमवारी?

सेजल: सोमवारी मुलाखतीत चहा बिस्किटं खाईन, घरी येईन.

सुलोचना: कोण विचारता गो? आमी सांगूचंव नाय. हात दाखवून अवलक्षण कित्याक?

सेजल: उद्या दुसरा कोणी माझा पेपर वाचून म्हणेल, गावात गोळ्या नुसत्या वाटल्या की काम झालं. मला लाज वाटतेय, काकी. आणि भीती वाटतेय. काकांच्या गोळ्यासुद्धा?

सुलोचना: सगळ्यात जास्ती तेंच्योच.

(जयराम काका काजूच्या बागेतून येऊन पायरीवर टेकतात. सेजल वही मिटून त्यांच्या शेजारी बसते.)

जयराम: काय, प्राध्यापकीणबाय. पास झालंव मरे आमी?

सेजल: पहिल्या नंबरानं, काका. गोळी का सोडलीत?

जयराम: ती घेतली की चढणीर डोळ्यांम्होरे काळोख येता. दोनदा पडलंय. बागेत कोण जातलो मगे?

सेजल: त्याच्यावर दुसरी गोळी असते. डॉक्टर लगेच बदलून देतात. वर्षापूर्वीच मिळाली असती.

जयराम: वर्षभर तू पाकिटाक विचारीत होतंस.