रोज सातला येणारा मेसेज

दुपारचा खेळ नुकताच सुटला होता. थिएटरच्या लिफ्टपाशी रांग होती आणि माझ्या पुढेच एक नवरा-बायको उभे होते. सिनेमातला परगावी राहणारा नवरा बायकोला रोज प्रेमपत्र पाठवतो, पण ते लिहितं मशीन. त्यावरूनच दोघांचं चाललं होतं.

“शुद्ध फसवणूक आहे ही.”

“फसवणूक कसली? बिचाऱ्याला लिहिता येत नव्हतं. तिची काळजी होती म्हणूनच मशीन लावलं ना त्याने?”

“काळजी मशीन करत होतं. हा खुशाल झोपला होता.”

“अगं, पण ती खूश होती की नाही? मग झालं तर!”

“फारच बाजू घेतोयस त्याची.”

“सिनेमा आहे गं. एवढं काय मनाला लावून घेतेस?”

“मी हॉस्पिटलात होते तेव्हा तुझा मेसेज रोज बरोब्बर सातला यायचा.”

“अलार्म लावायचो.”

“तू? तुला गदागदा हलवलं तरी आठच्या आत जाग येत नाही.”

“तेव्हा यायची. टेन्शन होतं डोक्याला.”

“आणि मी उत्तरं पाठवायचे, ती वाचायचास?”

“म्हणजे काय! सगळी.”

“ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तुला एकच प्रश्न विचारला होता. कोणता?”

“आता इतक्या महिन्यांनी... मी बरी होईन ना, असंच काहीतरी असेल.”

“नाही.”

“लिफ्ट आली बघ. चल, मागे लोक खोळंबलेत.”

“उत्तर मात्र फार सुंदर आलं होतं.”